उपासानं आत गेलेली हनुवटी

मुरली सरांची हनुवटी आधी वर्गात यायची, मग सर. खालचा जबडा इतका पुढे की तोंड मिटलं तरी खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येऊन बसत. 'स' म्हणताना बारीक शीळ निघे. 'संघर्ष' हा शब्द तर ते शिट्टी वाजवूनच सुरू करायचे. पोरं मधल्या सुट्टीत ती शीळ घोटून घोटून बसवत. एकदा सरांनी मागून येऊन ऐकलं. पोरांची पाचावर धारण बसली. सर म्हणाले, "चांगली जमलीय. शीळ घातल्याशिवाय संघर्ष होत नाही, वहीत लिहून घ्या."

अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय होईल?

सरांचा सत्कार ठरला आहे. गौरव अंक निघतो आहे. 'तू त्यांच्या तालमीतली, तुझा लेख हवाच,' असा निरोप मला आला. हा तो लेख नाही. हा त्या अंकात छापला जाणार नाही हे मला माहीत आहे. पण सरांनीच शिकवलं होतं की जे छापायला कुणी तयार नसतं, ते आधी लिहावं.

माझ्या वडिलांचा सोनईत छोटा छापखाना होता. लग्नसराईत पत्रिका, बाकी वर्षभर सरांची पत्रकं. दुसरी मुलं गोष्टीच्या पुस्तकांवर वाढली, मी पत्रकांवर. शाळेत माझी भाकरी पत्रकात गुंडाळलेली असे, आणि भाकरी सोडून मी आधी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचत बसे. बस थांबत नाही म्हणून पत्रक. शाळेत मुलींना संडास नाही म्हणून पत्रक. कारखान्याच्या मळीनं ओढा नासला म्हणून पत्रक. सर पत्र्याच्या दोन खोल्यांत शिकवणी चालवत. शिकवणीत इतिहास असे, पण इतिहासाच्या तासाला आम्ही जास्त करून पत्रकंच घड्या घालत बसलेलो असू.

मला ते 'संपादकबाई' म्हणत. माझा मसुदा हातात घेतला की आधी लाल पेन काढत. "विशेषण म्हणजे पत्रकाच्या अंगावरची चरबी. काप." मी कापे. "अजून काप. हाड दिसलं पाहिजे." आणि एक विचित्र नियम होता : पत्रक उपाशीपोटी लिहायचं. "पोट भरलं की वाक्याला झोप येते, संपादकबाई." मी सकाळचा चहासुद्धा न घेता लिहीत असे. आई चिडायची. "त्या मास्तरला म्हनावं, पोरीला खाऊ दे आधी, मग क्रांती कर."

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात आम्ही दर वेळी पत्रकं वाटायला जायचो. एक म्हातारा व्यापारी बैलाचं तोंड उघडून दात बघत होता. सरांनी त्याच्या हातात पत्रक दिलं. त्यानं पत्रकाकडं पाहिलंच नाही, सरांच्या तोंडाकडं पाहिलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, खालचा जबडा लईच म्होरं हाय तुमचा. बैल असता तर कुनी खुट्याला बांधला नसता."

हसण्याचा लोट उठला. माझी कानशिलं तापली. सर मात्र शांत. हनुवटी आणखी थोडी पुढे काढून म्हणाले, "म्हणूनच मी विक्रीला नाही, पाटील."

म्हातारा खूश झाला. त्यानं पत्रक नीट घडी करून पटक्यात खोचलं. त्या दिवसापासून 'मी विक्रीला नाही' हे आमचं घोषवाक्य झालं. पुढच्या प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात वडिलांनी सरांच्या हनुवटीचं रेखाचित्र टाकायला सुरुवात केली. नुसती एक वाकडी रेघ. पण गावातलं शेंबडं पोरही ती रेघ ओळखे.

माझे वरचे दात पुढे आहेत. बारावीनंतर मला बघायला आलेल्या एका पाहुणीनं ते मोजल्यासारखे पाहिले आणि चहा अर्धा ठेवून उठली. वडिलांनी नगरच्या दातांच्या डॉक्टरकडं जायचं ठरवलं. तारा बसवायच्या, दात मागं घ्यायचे. मी सरांना सांगायला गेले. सरांनी लाल पेन बंद केलं. मग म्हणाले, "चेहरा बदलायला निघालेला माणूस पुढच्या वळणावर बाजू बदलतो. तुझं तू ठरव."

मी ठरवलं. नगरला गेले नाही. उलट त्याच वाक्यावर पत्रक लिहिलं, उपाशीपोटी. माझे दात अजून पुढेच आहेत, आणि मला त्यांची लाज नाही. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

सरांना खाताना पाहणं अवघड असे. पुढचे दात एकमेकांना भेटतच नसत. घास तोडता येत नसे. भाकरी ते बोटांनी बारीक कुस्करत, आमटीत भिजवत आणि गालाच्या एका बाजूनं बराच वेळ घोळवत. लग्नाच्या पंगतीत शेवटी बसत, भिंतीकडं तोंड करून. कुणी आग्रह केला तर म्हणत, "माझं रवंथ चाललंय, तुम्ही व्हा पुढं." कधीकधी जेवता जेवता कानाजवळ हात दाबून थांबत. दुखत असणार. आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही.

एका माणसानं मात्र न विचारता ओळखलं होतं. सखूआक्का. आयुष्यभर ऊसतोडीला गेलेली, आता दातांचं बोळकं झालेली म्हातारी. सरांच्या शिकवणीच्या मागं तिचं घर. उसाच्या दिवसांत ती कोयत्यानं ऊस सोलून, बोटाएवढे बारीक तुकडे करून वाटीत आणून द्यायची. "सरांचं दात म्होरचं मिटत न्हाईत, त्यास्नी कांडं कसं सोलंल?" सर एकेक तुकडा दाढेखाली धरून चोखायचे. आक्का समोर बसून बघायची. स्वतःला चावता येत नव्हतं, तरी तिचं तोंड त्यांच्याबरोबर हलायचं.

याच आक्काची सून बाळंतपणात गेली. गावात सरकारी दवाखाना आहे, इमारत चांगली आहे, बाहेर फरशी आहे. डॉक्टर नव्हता. नर्सबाईंनी होईल ते केलं, पण नगरला नेताना रस्त्यातच सगळं संपलं. मूल वाचलं. आक्का नातीला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या त्या फरशीवर बसून राहिली. रडली नाही. सर तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आक्का, इथं डॉक्टर आणल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

गंमत पहा, पुढं ते गप्पच बसले.

त्याच्या आधीपासून सरांच्या दातांना तारा होत्या. हिरड्या कमजोर झाल्यात, दात धरून ठेवायला लावल्यात, असं ते सांगत. आम्हाला पटलं. ज्याच्यावर श्रद्धा असते त्याच्या तोंडात कोण डोकावून बघतं? मग ते 'अभ्यास शिबिराला' म्हणून पुण्याला गेले. काही आठवडे फोन लागेना. परत आले ते थेट दवाखान्यासमोरच्या मांडवात. दाढी वाढलेली, अंग निम्मं झालेलं, तोंडावर काळी पट्टी. हातात पाटी-खडू. पाटीवर लिहिलं होतं : 'मौन आणि अन्नत्याग. फक्त लिंबूपाणी. डॉक्टर येईपर्यंत.'

तोंडाला काळी फीत बांधून बसणं आमच्याकडं नवं नाही. पण पट्टी बांधून उपोषण, हे सगळ्यांच्या काळजाला भिडलं. सरांनी पाटीवर लिहिलं की शिबिरातच त्यांनी अन्न कमी करत आणलं होतं. मी त्यावर असं पत्रक लिहिलं की ते वाचून वडील छपाई थांबवून डोळे पुसू लागले.

नर्सबाई रोज सकाळी वजनकाटा घेऊन येत. सर काट्यावर उभे राहत, आणि सरांचा मेहुणा माईकवरून सांगे, "सरांचं वजन आज आणखी घटलं!" मांडवात हळहळ उठे. बायका पदर तोंडाला लावत. आणि तेव्हाच लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. पट्टीखालूनसुद्धा दिसत होतं. सरांची हनुवटी आत गेली होती.

"बघा, उपासानं हाडसुदिक झिजलं," असं एक जण म्हणाला आणि ते गावभर झालं. आसपासच्या गावांतून माणसं ती हनुवटी बघायला येऊ लागली. माझ्या वडिलांनी नव्या पत्रकावर रेघ काढायला घेतली आणि हात थांबला. "आता कशी काढू गं? जुनी का नवी?" मी म्हटलं, "नवी काढा. लोकांना कळू दे, या माणसानं काय दिलंय ते." हाड उपासानं मागं सरकत नसतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला ते सरकायलाच हवं होतं.

उपोषणाच्या दुसऱ्याच दिवशी सखूआक्का मांडवाच्या कोपऱ्यात येऊन बसली होती. "सर जेवत न्हाईत तवर मीबी न्हाई," एवढंच म्हणाली. कुणीतरी चेष्टा केली, "आक्का, तुला दात न्हाईत, तू तशीबी काय चावतीस?" आक्का म्हणाली, "भूक दातांत अस्ती व्हय रं, मुडद्या?"

तिचं वजन माईकवरून कुणी सांगितलं नाही. नर्सबाई करत, मान हलवत, आणि मला बाजूला घेऊन म्हणत, "हिला उठव. हिच्या अंगात झिजायला काही शिल्लक नाही." मी आक्काला विनवलं. ती सरांकडं बोट दाखवून म्हणे, "त्येंनी सांगू दे."

सर पाटीवर लिहून सगळ्यांना सूचना देत. मांडव कुठं वाढवायचा, कुणाला बोलवायचं, घोषणा कोणत्या. आक्काबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही.

मग सरांचं वजन घटायचं थांबलं. आम्ही म्हटलं, शरीर सवयीनं तग धरतंय. मग ते वाढलं. नर्सबाईंनी काटा हलवून पाहिला, स्वतः उभ्या राहून पाहिला, दुसरा काटा मागवला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मेहुण्यानं माईक हातात धरून सरांकडं पाहिलं. सरांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. मेहुणा ओरडला, "वजन स्थिर आहे! हे सत्याचं बळ आहे!" टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. कोपऱ्यात आक्का खांबाला डोकं टेकून बसली होती. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या.

त्याच दिवशी दुपारी मी नवा मसुदा घेऊन मांडवामागच्या वाचनालयाच्या खोलीत गेले. सर तिथं विश्रांती घेत. दार लोटलेलं होतं. मी नेहमीसारखी हाक न मारता आत गेले.

पट्टी गळ्यात उतरलेली होती. समोर खिडकीत आरसा. हातात लांब नळीची प्लास्टिकची बाटली. नळी त्यांनी गालाच्या आतल्या बाजूनं, दाढांच्या मागं सरकवली होती आणि बाटली दाबत होते. शेजारी सरांच्या बायकोनं 'गरम पाणी' म्हणून आणलेला थर्मास उघडा होता. खोलीभर दुधात कालवलेल्या चॉकलेटी पावडरीचा वास. त्यांच्या ओठाखाली दुधाचा ओघळ आला होता, हनुवटीवरून दाढीत उतरत होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

मला बघून त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही. ओठ तेवढे बाजूला झाले. वरच्या तारांपासून खालच्या तारांपर्यंत बारीक रबरं ताणून बांधलेली होती. आणि वरचे दात खालच्या दातांवर बरोबर बसलेले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी पाटी घेतली. अक्षर नेहमीसारखं वळणदार. 'जबड्याचं ऑपरेशन. हाड कापून मागं घेतात. हनुवटी बधिर पडते. दीड महिना पातळच घ्यावं लागतं.' पुसलं. 'वजन फार उतरू द्यायचं नाही म्हणालेत. जखम भरत नाही.'

मला आधी हसू आलं. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य या माणसानं सत्याग्रह म्हणून मांडवात बसवलं होतं. तोंड बांधलं होतं, त्याला मौन म्हटलं. पोटात घास जात नव्हता, त्याला त्याग म्हटलं. मग हसू गेलं.

"मला म्हणाला होतात, चेहरा बदलणारा बाजू बदलतो."

त्यांनी लिहिलं, 'चावता येत नव्हतं. लहानपणापासून. फार दुखायचं.'

"मग सांगायचं ना, सर!" माझा आवाज चढला. "सांगितलं असतं तर कोण हसलं असतं? घराघरातून पेज आली असती तुम्हाला. आक्कानं उसाचा रस गाळून आणला असता."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, असं मला आजही वाटतं. मी म्हटलं, "मी कुणाला सांगत नाही. आक्काला फक्त जेवायला सांगा. पाटीवर दोन शब्द लिहा आणि बाहेर दाखवा. बाकी तुमचं काहीही असू दे."

सरांनी खडू हातात धरला. बराच वेळ धरला. बाहेर कुणीतरी घोषणा देत होतं, मीच लिहिलेली. मग त्यांनी लिहिलं, 'आज नको. उद्या जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. म्हातारी उठली तर मांडव ढिला पडेल.'

मी ते वाचलं. त्यांनी बाहीनं पुसून टाकलं.

मी थेट आक्काकडं गेले आणि सांगितलं. "आक्का, सर दूध पितायत. त्यांचं ऑपरेशन झालंय. तू जेव." आक्कानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिच्या मेलेल्या सुनेचा अपमान केला होता. "थोबाड फोडीन, पोरी. सरांवर आळ घेतीस? तुला शिकवलं कुनी? लिवायला कुनी लावलं?" मग दमून डोळे मिटले. "सर सांगतील तवा जेवंन. तू न्हाई सांगायचं."

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधीच आक्का बसल्या जागी कलंडली. तिला नगरला नेलं. साहेब आले तेव्हा तिच्या जागी तिचं डोक्याला बांधायचं फडकं पडलेलं होतं. मेहुण्यानं तेच माईकसमोर उंच धरून साहेबांना दाखवलं. त्या फडक्यामुळं काम झालं, असं लोक म्हणतात. डॉक्टरची नेमणूक झाली. तो खरोखर आला. आजही येतो, चांगला आहे. आंदोलन जिंकलं, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर हे लिहायला इतकं जड जातं.

सरांनी साहेबांच्या हातून रस घेतला. पट्टीच्या आडून, नळीनं. मग पाटीवर लिहिलं की लांब उपासानंतर एकदम जड खाणं बरं नाही, काही दिवस पातळच घेईन. गावातल्या बायकांनी भांडी चढवली. रोज कुणाकडून पेज, कुणाकडून मऊ भाताचं पाणी, कुणाकडून गाळलेली डाळ, तूप सोडून. सरांच्या अंगावर मांस चढू लागलं. मी वडिलांना सांगून टाकलं. मग छापखान्यात जाऊन नव्या हनुवटीची सगळी उरलेली पत्रकं त्यांनी रद्दीत टाकली. आणि जुन्या हनुवटीचीही.

मी गावात चौघांना सांगितलं. एक म्हणाला, "तुझं काहीतरी बिनसलं असंल सरांशी." दुसरा म्हणाला, "असू दे की. डॉक्टर आला न्हाई का?" तिसरा हसला. चौथ्यानं ऐकून घेतलं आणि सरांच्या सत्कार समितीत गेला. आता सरांची शीळ गेली आहे. 'संघर्ष' स्वच्छ म्हणतात. पोरांना नक्कल करायला काही राहिलं नाही.

आक्का वाचली. पण गेलेलं वजन तिच्या अंगावर परत आलं नाही. पेज तिच्याही घरी जायची, आई द्यायची, मी द्यायचे. खायची पण अंगी लागायचं नाही. नातीला उचलून घ्यायला तिला दोन्ही हात लागतात.

परवा मी तिच्याबरोबर घोडेगावच्या बाजारात गेले होते. तिला नातीच्या दुधासाठी शेळी बघायची होती. रस्त्याकडेला उसाची मोळी उतरवलेली गाडी होती आणि तिच्या सावलीत सर उभे होते. हातात उसाचं अख्खं कांडं. त्यांनी ते आडवं तोंडात धरलं, पुढच्या दातांनी साल पकडली आणि सर्रकन सोलून काढली. मग आणखी एक. एखादं पोर सोलतं तसं, मान तिरकी करून, डोळे बारीक करून. इतक्या आनंदानं खाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा राग येईना, हेही लिहायला हवं.

आक्का थांबली. माझं मनगट तिनं धरलं होतं, ती पकड घट्ट झाली. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. कोयता हातात धरून इतकी वर्षं जे तिनं सोललं, ते तिच्या डोळ्यांसमोर त्या दातांनी सोललं जात होतं. उपासानं हाड झिजतं, हे तिनं मानलं होतं. पण उपासानं दात जुळत नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

सरांनी आम्हाला पाहिलं. हात आपोआप तोंडावर गेला, पट्टी असायची तिथं. मग सावरून हसले आणि एक कांडं पुढं केलं. "आक्का, घ्या की. गोड आहे."

आक्का म्हणाली, "दात कुटं हायेत मला, सर. तुमी खावा."

ती पुढं निघाली. चार पावलं गेली आणि वळली.

"हनुवटी पुसा, सर. रस वघळतुया. तुमाला कळंना."

सरांनी हनुवटीवरून हात फिरवला. भलत्याच बाजूनं.